वाचकांचे प्रश्न : मूत्रपिंड काय टाकते आणि काय राखते

गेल्या अंकात याच सदरात मूत्रपिंडावर एक छोटे टिपण आले होते. त्यावर बडोद्यातून आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रे आली. काही पत्रांत स्वतःचे किंवा घरच्यांचे तपासणी-अहवाल जोडलेले आहेत. त्यांवर औषधयोजना सुचवणे या सदरातून शक्य नाही, ती ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी रुग्णाला पाहूनच ठरवायची असते. मात्र बहुतेक पत्रांमागे एक समजूत दिसते, ती अशी की मूत्रपिंड म्हणजे रक्तातली घाण अडवणारी गाळणी. शरीरक्रियाशास्त्र शिकवताना ही समजूत मला विद्यार्थ्यांमध्येही वर्षानुवर्षे आढळत आली. ती दूर झाल्याशिवाय या अवयवाचे आजार, तपासण्या आणि औषधे यांपैकी काहीच नीट उमगत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून काही उत्तरे लांबली आहेत.

प्रश्न : मूत्रपिंडे दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात, असे आपण लिहिले आहे. माणसाला दिवसाकाठी लघवी होते ती जेमतेम दीड लिटर. हा मुद्रणदोष तर नव्हे? १.८० लिटर असे हवे होते का? (एक निवृत्त शिक्षक, रावपुरा)

उत्तर : मुद्रणदोष नाही, आकडा १८० लिटर हाच आहे. आपल्याला तो खटकला हे फार चांगले झाले, कारण मूत्रपिंडाचे सगळे कार्य १८० आणि दीड या दोन आकड्यांमधल्या अंतरात सामावलेले आहे.

आपण स्वस्थ बसलेले असताना हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. त्यातला एक पंचमांश किंवा थोडा अधिक वाटा, म्हणजे एक लिटरहून जास्त रक्त, मूत्रपिंडांकडे जाते. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास असते. इतक्या लहान अवयवाच्या पोषणाला एवढे रक्त लागत नाही. ते तेथे येते ते पारखले जाण्यासाठी.

ही पारख ज्या घटकांत होते त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक मूत्रपिंडात ते सरासरी दहा लाख असतात, काही माणसांत याहून बरेच कमी तर काहींत बरेच अधिक. प्रत्येक नेफ्रॉनच्या सुरुवातीला अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. रक्ताच्या दाबामुळे या गुच्छाच्या भिंतींतून पाणी आणि पाण्यात विरघळलेले लहान रेणू पलीकडे झिरपतात, तर रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने रक्तातच राहतात. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून मिनिटाला साधारण १२५ मिलिलिटर द्रव असा झिरपतो. दिवसाच्या १४४० मिनिटांनी गुणून पाहा, १८० लिटर होतात. शरीरातला रक्तद्रव, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्ताचा भाग, सुमारे तीन लिटरच असतो. तो दिवसातून साठ वेळा गाळला जातो, असा याचा अर्थ.

ही गाळणी उपयोगी आणि निरुपयोगी यांत भेद करीत नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ती पाहते फक्त रेणूचा आकार आणि काही प्रमाणात त्याचा विद्युत्भार. युरिया झिरपतो तसाच ग्लुकोजही झिरपतो, अमिनो आम्ले झिरपतात, मीठही झिरपते. दिवाळीपूर्वी घर आवरताना आपण माळ्यावरचे सगळे सामान खाली काढतो, हवे ते एकेक करून परत वर ठेवतो आणि जे उरते ते टाकून देतो. मूत्रपिंडाची रीत नेमकी हीच आहे. या रीतीचा मोठा लाभ असा की शरीराला आजवर कधी न भेटलेला एखादा लहान रेणू, समजा नवे औषध, रक्तात आला तरी तो बाहेर टाकण्यासाठी वेगळी सोय करावी लागत नाही. त्याला कोणी परत उचलले नाही की तो आपोआप बाहेर जातो.

परत उचलण्याचे काम मात्र प्रचंड आहे. दिवसभरात गुच्छांतून खाली येणारे सोडियम मिठाच्या हिशेबात मांडले तर ते सुमारे दीड किलो मीठ भरते. आपण दिवसाला जे पाच-दहा ग्रॅम मीठ खातो, साधारण तेवढेच लघवीतून बाहेर जाते. बाकी सगळे, म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक, नेफ्रॉनच्या नळीच्या पेशी पुन्हा रक्तात आणून सोडतात. पहिल्याच नागमोडी भागात सुमारे दोन तृतीयांश पाणी आणि मीठ परत घेतले जाते, ग्लुकोज आणि अमिनो आम्ले जवळजवळ संपूर्ण परत घेतली जातात. झिरपणे हृदयाच्या दाबावर होते. परत घेण्याला मात्र पेशींना स्वतःची ऊर्जा खर्चावी लागते. म्हणूनच शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही नसलेली ही जोडी विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सात-आठ टक्के प्राणवायू वापरते.

हे कळायला विज्ञानाला पुष्कळ काळ लागला. १८४२ साली लंडनमध्ये विल्यम बोमन यांनी गुच्छ आणि त्याभोवतीचे वेष्टन नळीशी कसे जोडलेले आहे ते दाखवले. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लुडविग यांनी हे काम दाबाने होणाऱ्या गाळणीचे असावे, असे मत मांडले. पुरावा मिळाला तो १९२० च्या दशकात. फिलाडेल्फियामध्ये ए. एन. रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या एका गुच्छाच्या वेष्टनात केसाहून बारीक काचनळी घातली आणि आतला थेंब काढून तपासला. त्या थेंबात साखर होती, क्लोराइड होते, प्रथिन नव्हते. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत साखर नव्हती. वाटेत ती कोणीतरी परत घेतली होती, हे त्या एका थेंबाने सिद्ध झाले. मला स्वतःला या शास्त्रातला हा सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

प्रश्न : प्रयोगासाठी आम्ही बकऱ्याचे मूत्रपिंड आणून उभे कापले. पुस्तकातल्या चित्रात आत वेगवेगळे पिरॅमिड दाखवले आहेत, पण आम्हाला ते दिसले नाहीत. आतल्या भागात एकच सलग कंगोरा होता. कापताना आमचे काही चुकले का? (बारावी विज्ञानाची विद्यार्थिनी, फतेगंज)

उत्तर : चुकले काहीच नाही. तुझ्या पुस्तकातले चित्र माणसाच्या मूत्रपिंडाचे आहे आणि तू बकऱ्याचे पाहिलेस. माणसाच्या मूत्रपिंडात आठ ते अठरा पिरॅमिड सुटे सुटे असतात आणि प्रत्येकाचे टोक एका लहान पेल्यात उघडते. बकरी, मेंढी आणि कुत्रा यांच्यात हे पिरॅमिड एकमेकांत मिसळून एकच कंगोरा तयार होतो. गाईचे मूत्रपिंड तर बाहेरूनच खंडाखंडांचे दिसते. माणसाच्या नवजात बाळाच्या मूत्रपिंडावरही अशा खंडांच्या खुणा असतात, त्या पुढे पहिल्या काही वर्षांत पुसल्या जातात.

आता तो कापलेला भाग पुन्हा उजेडात धर. बाहेरचा थर गडद तांबूस आणि रवाळ दिसेल. चांगले भिंग असेल तर त्यात बारीक लाल ठिपके दिसतील, ते ग्लोमेरुलस. आतला भाग किंचित फिकट असून त्यावर मधल्या पोकळीकडे जाणाऱ्या सरळ रेषा असतात. या रेषा म्हणजे समांतर उतरणाऱ्या नळ्या आणि रक्तवाहिन्या. बाहेरच्या थरातली नळी नागमोडी असल्यामुळे ती कापली की रवाळपणा दिसतो, आतली सरळ असल्यामुळे रेषा दिसतात. मधल्या पोकळीतून निघणारी, भिंत जाड असलेली पांढरट नळी ती मूत्रवाहिनी. माणसात ती पंचवीस ते तीस सेंटीमीटर लांब असते आणि मूत्राशयापर्यंत जाते.

या सरळ रेषांत एक महत्त्वाची रचना दडलेली आहे. काही नेफ्रॉनांची नळी खोल आत उतरते आणि तेथून वळून पुन्हा वर येते. याकोब हेन्ले या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८६२ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला हेन्लेचा पाश म्हणतात. उतरणाऱ्या भागातून पाणी बाहेर जाऊ शकते. चढणाऱ्या भागातून पाणी जात नाही, पण त्याच्या पेशी मीठ बाहेर काढत राहतात. त्यामुळे मूत्रपिंडाचा गाभा जसजसे आत जावे तसतसा अधिक खारट होत जातो आणि माणसात सर्वांत आतला भाग रक्ताच्या चौपट तीव्रतेचा असतो. शेवटची संग्राहक नळी या खारट भागातूनच जाते. शरीरात पाणी कमी असेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक सुटते, संग्राहक नळीच्या भिंतीत पाण्याच्या वाटा उघडतात, पाणी बाहेर ओढले जाते आणि लघवी घट्ट होते. अमेरिकेच्या वाळवंटातल्या कांगारू उंदराचा हा पाश त्याच्या देहाच्या मानाने फार लांब असतो, त्यामुळे त्याची लघवी आपल्यापेक्षा चौपटीहून अधिक घट्ट होऊ शकते आणि तो पाणी न पिताही जगतो.

प्रश्न : मधुमेहासाठी डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी नवी गोळी दिली. रक्तातली साखर आता आटोक्यात आहे, पण लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर 'चार प्लस' आली. किडनी खराब झाली म्हणून साखर गळू लागली का? (एक वाचक, कारेलीबाग)

उत्तर : गोळीचे नाव आपण कळवले नाही, पण डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी ती असेल, तर लघवीत साखर येणे हे त्या गोळीचे अपेक्षित कार्य आहे. आपल्या डॉक्टरांना विचारून नावाची खात्री करून घ्यावी.

गाळलेले ग्लुकोज परत घेणाऱ्या वाहक प्रथिनांना मर्यादा असते. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती पुरी पडत नाहीत आणि उरलेली साखर लघवीत उतरते. या गोळ्या त्यांतल्या मुख्य वाहकालाच अडवतात. म्हणून रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम किंवा अधिक ग्लुकोज लघवीतून निघून जाते. या औषधांची कूळकथा जुनी आहे. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे एक द्रव्य वेगळे काढण्यात आले, ते दिल्यावर लघवीत साखर येते हे पुढे लक्षात आले, आणि आजच्या गोळ्या त्याच द्रव्यावरून घडल्या.

या गोळ्यांचा दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. तो वाहक ग्लुकोजबरोबर सोडियमही उचलतो. तो अडला की नळीत पुढे अधिक सोडियम पोहोचते. प्रत्येक नेफ्रॉनची नळी वळून पुन्हा स्वतःच्याच गुच्छाला येऊन टेकते आणि त्या ठिकाणी काही पेशी नळीतल्या मिठाची चाचपणी करीत असतात. मीठ वाढलेले दिसले की त्या गुच्छात येणारी रक्तवाहिनी किंचित आवळतात आणि गुच्छावरचा दाब उतरतो. मधुमेहात हा दाब वाढलेला असतो आणि त्यानेच गुच्छ वर्षानुवर्षे झिजत जातात. त्यामुळे गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातले क्रिएटिनिन (गाळण्याच्या वेगाचा अंदाज देणारे एक टाकाऊ द्रव्य) थोडे वाढलेले दिसू शकते, पण पुढे मूत्रपिंडाची झीज मंदावते. हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेले आहे.

जपायचे ते असे. लघवीतल्या साखरेमुळे जननेंद्रियाच्या त्वचेवर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून तेथील स्वच्छता राखावी. उलट्या-जुलाब, कडक उपवास किंवा शस्त्रक्रिया यांच्या वेळी ही गोळी थांबवावी लागते, तेव्हा डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. बडोद्यात नवरात्रात आणि चातुर्मासात उपवास करणारी मंडळी पुष्कळ आहेत, त्यांनी हे विशेषकरून लक्षात ठेवावे.

प्रश्न : सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, वजन ४२ किलो. क्रिएटिनिन १.१ आले. लॅबच्या कागदावर ते नॉर्मलच्या मर्यादेत आहे, पण खाली ई-जीएफआर ५३ असे छापून त्यापुढे बाण काढलेला आहे. एकाच कागदावर नॉर्मल आणि बिघाड दोन्ही कसे? माझा मुलगा २५ वर्षांचा, त्याचेही क्रिएटिनिन १.१ आहे, त्याच्या कागदावर बाण नाही. (एक वाचक भगिनी, दांडिया बाजार)

उत्तर : ताई, दोन्ही कागद आपण शेजारी ठेवून पाहिलेत, हे अनेक जण करीत नाहीत. क्रिएटिनिन हे स्नायूंत रोज ठरावीक प्रमाणात तयार होणारे टाकाऊ द्रव्य आहे. ज्याचे स्नायू अधिक, त्याचे क्रिएटिनिन अधिक तयार होते. गुच्छांतून ते झिरपते आणि नळीत परत घेतले जात नाही. म्हणूनच गाळण्याचा वेग मोजायला ते सोयीचे पडते. आपल्या मुलाच्या शरीरात ते भरपूर तयार होते आणि तरीही रक्तात १.१ च आहे, याचा अर्थ ते वेगाने बाहेर टाकले जात आहे. सासूबाईंच्या शरीरात ते मुळातच थोडे तयार होते, तरी रक्तात तेवढेच साचले आहे, म्हणजे बाहेर टाकण्याचा वेग कमी झाला आहे. ई-जीएफआर हा गाळण्याच्या वेगाचा अंदाज वय आणि लिंग लक्षात घेऊन सूत्राने काढतात. आज वापरात असलेल्या सूत्रानुसार आपल्या मुलाचा आकडा ९५ च्या आसपास येतो, सासूबाईंचा ५३. त्यांची शरीरयष्टी किरकोळ असल्याने खरा वेग याहूनही थोडा कमी असू शकतो. शंका राहिलीच तर डॉक्टर सिस्टॅटिन-सी नावाची रक्ततपासणी सांगतात, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

कागदावर छापलेली नॉर्मल मर्यादा आणखी एका प्रकारे फसवते. गाळण्याचा वेग निम्म्यावर आला तर रक्तातले क्रिएटिनिन साधारण दुप्पट होते. एखाद्या बाईचे क्रिएटिनिन पाच वर्षांपूर्वी ०.६ होते आणि आज १.१ आहे असे समजा. दोन्ही आकडे कित्येक लॅबच्या मर्यादेत बसतील, पण मधल्या काळात जवळजवळ अर्धी गाळणक्षमता गेलेली असेल. म्हणून जुने रिपोर्ट टाकू नयेत अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल अधिक बोलकी असते.

सासूबाईंच्या बाबतीत घाबरून जाण्याचे कारण नाही. वयानुसार हा वेग सावकाश कमी होतच असतो. तीन महिन्यांहून अधिक काळ तो ६० च्या खाली राहिला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागेल. तिच्याबरोबर सकाळच्या लघवीतले अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण अवश्य पाहून घ्यावे. प्रति ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ती मोठी दिलासा देणारी गोष्ट आहे. गुच्छाची भिंत प्रथिनांना अडवते हे वर आलेच आहे. ती भिंत झिजू लागली की अल्ब्युमिन गळू लागते, आणि मधुमेहात तर हे क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी घडते. सुरुवातीला यात काही दुखत नाही, पायांवर सूजही येत नाही. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी ही लघवीची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी. ती स्वस्त आहे आणि तरीही आपल्याकडे सर्वांत जास्त राहून जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. सासूबाईंना कोणतेही नवे औषध देताना मात्र डॉक्टरांना हा ५३ चा आकडा दाखवावा, कारण अनेक औषधांची मात्रा त्यावर ठरते.

प्रश्न : मला पूर्वी मुतखडा झाला होता. उन्हाळ्यात येथे पारा बेचाळीसच्या वर जातो. कोणी म्हणते पाच लिटर पाणी प्या, कोणी म्हणते दूध-दही बंद करा. नेमके काय करावे? (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : पाणी किती प्यायले यापेक्षा लघवी किती झाली हे मोजावे. शरीराला रोज जेवढी विरघळलेली द्रव्ये बाहेर टाकायची असतात, ती अगदी घट्टातल्या घट्ट लघवीतून टाकायला सुमारे अर्धा लिटर लघवी लागतेच. पण इतक्या घट्ट लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झॅलेट एकत्र येऊन स्फटिक धरतात. ज्यांना एकदा खडा झाला आहे त्यांची लघवी दिवसाला दोन ते अडीच लिटर व्हावी. मे महिन्यात घामावाटे किती पाणी गेले यावर प्यायचे पाणी ठरेल. सावलीत बसून काम करणाऱ्याला आणि गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीशेजारी उभे राहणाऱ्याला एकच आकडा कसा चालेल? लघवीचा रंग फिकट राहील इतके पाणी दिवसभर विभागून घ्यावे आणि रात्री झोपण्यापूर्वीही थोडे प्यावे, कारण लघवी सर्वांत घट्ट होते ती पहाटे.

दूध-दही बंद करण्याचा सल्ला चुकीचा आहे. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून ठेवते आणि ते शौचावाटे निघून जाते. कॅल्शियम तोडले तर उलट ऑक्झॅलेट अधिक शोषले जाते. खरे कमी करायला हवे ते मीठ. नळीच्या पहिल्या भागात कॅल्शियम सोडियमच्या मागोमाग परत घेतले जाते. आहारात मीठ जास्त झाले की मूत्रपिंड सोडियम कमी उचलते, त्याबरोबर कॅल्शियमही मागे राहते आणि लघवीत उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. सकाळी फाफडा-गाठिया, दुपारी लोणचे-पापड आणि संध्याकाळी शेव-उसळ असा दिवस गेला, तर ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. गाठियातला सोडा आणि पापडातला खार हेही सोडियमच, ते मिठाच्या हिशेबात धरावे. लिंबाचा रस चांगला, त्यातले सायट्रेट स्फटिक धरू देत नाही. मात्र सरबतात मीठ घालू नये.

हा पाण्याचा सल्ला ज्यांचे हृदय कमजोर आहे किंवा मूत्रपिंडाचे काम फार मंदावले आहे, त्यांना लागू नाही.

प्रश्न : गुडघेदुखीसाठी मी मेडिकलमधून गोळी आणून घेते. त्याने किडनी जाते म्हणतात, ते खरे का? (एक वाचक आजी, वाडी)

उत्तर : डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, एसिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांबाबत ही भीती रास्त आहे. शरीरात पाणी कमी झाले की गुच्छात येणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवण्यासाठी मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनवते. या गोळ्या तीच द्रव्ये बनू देत नाहीत. तरुण, धडधाकट माणसाने दोन दिवस घेतली तर सहसा काही बिघडत नाही. पण उतारवय, त्यात रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि त्यावर जुलाबाचे दोन दिवस असे सगळे जुळून आले, तर गाळण्याचे काम एकाएकी खाली येऊ शकते. आजी, चिठ्ठीशिवाय ही गोळी आणू नका. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत मूत्रपिंडाला अधिक सुरक्षित आहे, तेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

प्रश्न : वडील आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जातात. रक्त तर मशीन साफ करते, मग रक्तवाढीची इंजेक्शने आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या कशासाठी? (एक वाचक, अलकापुरी)

उत्तर : कारण मशीन फक्त गाळते. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ साली पहिले उपयुक्त डायलिसिस-यंत्र बनवले आणि त्यातून असंख्य प्राण वाचले, पण मूत्रपिंड बनवते ती द्रव्ये बनवणे कोणत्याही यंत्राला जमलेले नाही. मूत्रपिंडातल्या काही पेशी रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज घेऊन एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक सोडतात आणि त्यानुसार अस्थिमज्जा लाल पेशी तयार करते. ते आटले की रक्त कमी होते, इंजेक्शन त्याची भरपाई करते. ड जीवनसत्त्व उन्हातून वा आहारातून मिळाले तरी त्याला अखेरचे सक्रिय रूप मुख्यतः मूत्रपिंडातच मिळते. ते न मिळाल्यास हाडे कमकुवत होतात. शिवाय चार-चार तासांची तीन सत्रे म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी बारा तास. मधल्या वेळी पोटॅशियम आणि पाणी साचत राहते. त्यामुळेच वडिलांना पथ्य एवढे कडक असते.

प्रश्न : किडनी साफ करणारे काढे आणि पाण्यांच्या चित्रफिती रोज मोबाइलवर येतात. घ्यावे का? (बरेच वाचक)

उत्तर : घेऊ नये. जो अवयव रक्तद्रव दिवसातून साठ वेळा गाळून पुन्हा जागेवर ठेवतो, त्याच्या आत धुऊन काढण्यासारखे काही साचत नाही. ज्यांची मूत्रपिंडे मुळातच कमजोर आहेत त्यांना तर यांतल्या काही गोष्टी घातक ठरतात. नारळपाण्यात पोटॅशियम पुष्कळ असते. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठातही सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते. रक्तातले पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. कमरख या आंबट फळात अशा रुग्णांच्या मेंदूवर विषासारखा परिणाम करणारे द्रव्य असते, त्याने सतत उचकी लागणे, भ्रम होणे, फेफरे येणे असे प्रकार होतात. त्यांनी ते चाखूही नये.

प्रश्न : धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. मी माझे एक देण्याचे ठरवले आहे. सासरची मंडळी काळजीत आहेत. एका मूत्रपिंडावर मी पूर्ण आयुष्य जगू शकेन का? (एक वाचक भगिनी, वय ३६, पादरा)

उत्तर : ताई, आपल्या निर्णयाबद्दल आदर व्यक्त करून सरळ माहिती देतो. एक मूत्रपिंड काढल्यावर राहिलेले दुसरे काही आठवड्यांत मोठे होते. नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. असलेलेच आकाराने वाढून जास्त काम करू लागतात, आणि पूर्वी दोघे मिळून जेवढे गाळत असत त्याच्या साधारण ७० टक्के एकटे गाळू लागते. रोजच्या जगण्याला एवढे पुरते. पहिले यशस्वी मूत्रपिंड-प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांत केले. देणारे रोनाल्ड हेरिक त्यानंतर २०१० सालापर्यंत, वयाच्या ७९ व्या वर्षापर्यंत जगले. आपल्या गुजरातमध्येही हे काम चांगले रुजले आहे, आणि त्यात अहमदाबादची मूत्रपिंड-संस्था उभी करणारे डॉ. एच. एल. त्रिवेदी यांचा वाटा मोठा आहे.

धोका शून्य आहे असे मात्र मी म्हणणार नाही. शस्त्रक्रियेचा धोका लहान असला तरी असतोच. पुढे आयुष्यात मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता, न देणाऱ्या तितक्याच निरोगी व्यक्तीपेक्षा किंचित अधिक असते. आपल्याला यापुढे मूल हवे असेल तर गरोदरपणात रक्तदाब वाढण्याची शक्यताही थोडी वाढते, म्हणून ही गोष्ट आधीच स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावी. भावाला आजार कशामुळे झाला हे अवश्य विचारावे. तो आनुवंशिक असेल, उदाहरणार्थ मूत्रपिंडात असंख्य पाण्याच्या गाठी होण्याचा आजार, तर आपली तपासणी त्या दृष्टीने आधी व्हायला हवी.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार सख्खी बहीण जवळच्या नातेवाइकांत मोडते. नात्याची कागदपत्रे लागतात आणि आपली संमती कोणाच्या दबावाखाली नाही याची खात्री करून घेतली जाते. सख्ख्या भावंडांत ऊतींचे गुणधर्म पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक असते, पण आजच्या औषधांमुळे ते पूर्ण जुळले नाहीत तरी प्रत्यारोपण यशस्वी होते. भावाची स्वतःची मूत्रपिंडे बहुधा काढली जात नाहीत. आपले मूत्रपिंड त्याच्या ओटीपोटाच्या एका बाजूला बसवून तेथील रक्तवाहिन्यांना आणि मूत्राशयाला जोडतात. सासरच्या मंडळींना डॉक्टरांच्या भेटीला बरोबर न्यावे, त्यांचे प्रश्न तेथेच सुटतील. शस्त्रक्रियेनंतर आपण दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्यावे आणि वर दांडिया बाजारच्या भगिनींना दिलेल्या उत्तरात लिहिल्याप्रमाणे प्रत्येक रिपोर्ट जपून ठेवावा. पहिला रिपोर्ट शस्त्रक्रियेपूर्वीचा असावा, म्हणजे पुढच्या प्रत्येक आकड्याची तुलना त्याच्याशी करता येईल.